हिऱ्या, कबऱ्या आणि दोन चाव्या

आमच्याकडे धान चुरून, मळून होत आलं, की पटाचा भोंगा फिरतो. ऑटोच्या टपावर बांधलेला, आवाज फाटलेला. अर्जुनी मोरगावच्या रस्त्यानं तो ओरडत येतो, आमच्या गावाच्या वळणावर वळतो, आणि शंकरपट आला हे सगळ्यांना कळतं. मग कोणी बैलांच्या शिंगांना तेल चोळायला घेतो, कोणी जावयाला फोन लावतो, कोणी नुसताच घरात-अंगणात करत राहतो. माझा उजवा हात पँटच्या खिशात जातो. खिशात काही नसतं. तरी बोटं आत चाचपत राहतात, आणि बेंबीच्या चार बोटं वर एक थंडगार गोळा येऊन बसतो. पट उलगला, संपला, की गोळा जातो. पुढच्या वर्षी भोंग्याबरोबर परत येतो.

मी थ्रेशर दुरुस्त करतो. कापणीनंतर दोन-अडीच महिने मला जेवायलाही फुरसत नसते. लोक म्हणतात, मिस्त्री, एवढा हात चालतो तुमचा, स्वतःचं काही बनवत काऊन नाही? मी म्हणतो, वेळ कुठं आहे. खोटं आहे ते. एका हंगामात मी एक वस्तू बनवली होती. तेवढी पुरली.

ज्यांनी शंकरपट पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरळ लांब पट्टी, तिच्यावर बैलांची जोडी, मागे नावापुरता छकडा, आणि छकड्यावर जीव मुठीत धरून बसलेला धुरकरी. सुटायच्या क्षणी मागचा माणूस धुरकऱ्याच्या पाठीवर थाप मारतो. थाप पडली, की सुटायचं. पुढचं सगळं काही श्वासांत संपतं.

माझा मामा, मोतीराम, आमच्या भागातला नावाजलेला धुरकरी. पण मधली काही वर्षं कोर्टाच्या हुकमानं पट बंद होते. पहिल्या वर्षी मामा हसला, दुसऱ्या वर्षी चिडला, आणि मग त्यानं हिऱ्या आणि कबऱ्या ही आपली जोडी विकून टाकली. त्यानंतर तो गोठ्यातल्या रिकाम्या गव्हाणीवर बसून राहायचा. बोलायचा नाही. मामी म्हणायची, "घरात मानूस आहे का पोतं आहे, समजत नाई बाबू."

मी तेव्हा गोंदियाहून डिप्लोमा करून परतलो होतो. नोकरी नव्हती, तोंड मात्र भरपूर होतं. मोबाइलवर मी कुठल्याशा परदेशातली रेसची बुटकी गाडी पाहिली होती. कार्ट म्हणतात तिला. जमिनीला पोट घासत पळणारी, आणि मागे एक सोडून दोन इंजिनं. एका सकाळी गव्हाणीपाशी जाऊन मी म्हणालो,

"मामा, बैलं बंद झाली. इंजिनं तं बंद नाई झाली ना?"

मामानं मान वर केली नाही. मी व्हिडिओ त्याच्या नाकासमोर धरला.

"दोन काऊन लावली गा?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "एक पुरत नाई का?"

"एक असली तं गाडी होते मामा. दोन असली तं जोडी होते."

हे वाक्य मला त्याच क्षणी सुचलं होतं. यंत्रशास्त्राशी त्याचा काही संबंध नव्हता. पण मामा गव्हाणीवरून उठला. मी एवढा खूश झालो, की त्या वाक्यावर पुढे एक आख्खी गाडी उभी करावी लागेल हे माझ्या लक्षातच आलं नाही.

पहिलं इंजिन घरातच मिळालं. मामीची बिनगिअरची स्कूटर दोन वर्षांपासून छपरीत बंद पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. मी ती खोलली तेव्हा मामी दारात येऊन म्हणाली, "आता कोंबड्या काय तुया डोस्क्यावर बसवू?" दुसरं इंजिन गोंदियाच्या भंगारवाल्याकडे मिळालं. तसल्याच स्कूटरचं, चाकासकट. त्यानं ते पायानं माझ्याकडे ढकललं. "ले जाओ भैया. ये चलता कम है, भागता ज़्यादा है." मला वाटलं, तारीफ करतो आहे.

ते मी पोत्यात घालून पॅसेंजरनं आणलं. सौंदड येईपर्यंत पोत्यातून काळं तेल पाझरून समोरच्या म्हाताऱ्याच्या चपलेपर्यंत पोचलं.

"काय आहे गा पोत्यात?" त्यानं विचारलं.

"धान."

म्हातारा तेलाकडे बघत राहिला. मग चप्पल उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाला, "औंदा धानाले रोग लई आहे."

मी हसलो नाही. मला उगाच भीती वाटत होती. आता वाटतं, उगाच नव्हती. माझ्या अंगातली भीती माझ्यापेक्षा चांगली मिस्त्री आहे. मशीन बिघडायच्या आधी तिला समजतं. अडचण एवढीच, की ती सांगते पोटात, आणि मी ऐकतो तोंडानं. तोंड तेव्हा दुसरंच काहीतरी बोलत असतं.

पाइपांचा सांगाडा झाला. बसायला मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची, पाय कापून. मागे दोन्ही इंजिनं शेजारी शेजारी, प्रत्येकाला आपापलं चाक. मामानं उजव्याला हात लावून म्हटलं, हा हिऱ्या. डाव्याला, भंगारातल्याला, म्हटलं, हा कबऱ्या. विकलेला कबऱ्या डावीकडेच चालायचा म्हणे, आणि तोही असाच काळा आणि हट्टी होता.

आता माझी अक्कल बघा. शहाण्यानं दोन्ही इंजिनं एकाच दांड्याला जोडली असती. मी म्हटलं, नाही, जोडी आहे, पाय ज्याचे त्याचे. दोन्हीच्या एक्सलेटरच्या तारा एका पेडलवर आणायच्या होत्या. शहाण्यानं पेडलाला घट्ट पट्टी ठोकली असती. मी पट्टी मधोमध एका खिळ्यावर डुलती ठेवली, बैलांच्या मानेवरच्या जुवासारखी. दोन्ही टोकांना एकेक तार. मामाला ते फार आवडलं. परिणाम असा झाला, की पेडल दाबलं की ज्याची स्प्रिंग मऊ तो आधी धावायचा आणि दुसरा मागून यायचा. गाडी निघताना एक झोकांडी खायचीच. ब्रेक दोन्ही चाकांना होते, पण चालायचा एकट्या हिऱ्याचा. डाव्याचा करू नंतर, असं ठरलं. नंतर कोणी केला नाही. इंजिन बंद करायच्या चाव्या दोन. वायरी आखूड पडल्या म्हणून दोन्ही चाव्यांची भोकं मी खुर्चीच्या पाठीमागे बसवली. हात मागे नेऊन बंद करायची.

पहिल्यांदा दोन्ही इंजिनं एकदम सुरू झाली तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. एकाचा आवाज आवाज असतो. दोघांचा मिळून मध्येच एक तिसरा तयार होतो, घूं-घूं करत चढणारा, उतरणारा, जणू सांगाड्यात आणखी कोणीतरी बसलं आहे. छपरीची कौलं थरथरली. मी खुर्चीवर होतो. पेडलला पाय लावला, गाडीनं डावीकडे झोकांडी खाल्ली आणि मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी खुर्ची धरली. माझ्या आयुष्यात मी चालवलेलं अंतर तेवढंच. साधारण तणसाच्या ढिगापर्यंत.

मामानं मला बखोटीला धरून उतरवलं. स्वतः बसला. पेडल दाबलं, झोकांडी आली, तिच्याबरोबर तोही कलला आणि बांधाच्या कडेनं सरळ निघून गेला. परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर सगळे दात होते. मी ते दात इतक्या वर्षांनी पाहत होतो, की मोजावेसे वाटले.

"कबऱ्या दमानं उठते," तो म्हणाला. "पन उठला का आयकत नाई."

मामी दारातून पाहत होती. ती मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "बाबू, हे मानूस हसून राहिलं. याले काई होऊ देशील नको."

त्या हंगामभर मी भ्यालेलाच होतो. वेल्डिंग करताना भ्यायचो, की सुटेल. जेवताना मामा "उद्या जरा जोरानं नेतो" म्हणाला, की उठून सगळे नट पुन्हा आवळायचो. रस्त्यानं दुसऱ्याची स्कूटर गेली तरी दचकायचो. आणि गंमत म्हणजे ही भीती मी कोणालाही दाखवली नाही, कारण तिच्याहून मोठी एक भीती होती, लोक हसतील ही. डिप्लोमावाल्यानं कोंबड्यांची स्कूटर खोलली आणि पुढं काही झालं नाही, असं कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी मी माझ्या मामाला त्या खुर्चीवर बसू देत होतो. तेव्हा हे मला असं स्पष्ट दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं.

दिवस ठरला. पट नाही तर नाही, पटाच्या पट्टीवर मामाची जोडी पळणार, असं कोणीतरी माइकवरून सांगून टाकलं. तीन-चार गावांची माणसं आली. चणे-फुटाणेवाला आला. पट्टीच्या शेवटी उजव्या हाताला शेताच्या बांध्यांमध्ये धानाची पुंजणी रचलेली होती. कापलेल्या पेंढ्यांचे ते माणसाहून उंच ढीग, अर्ध्या गावाचं वर्षाचं धान, थ्रेशर यायची वाट पाहत. डाव्या हाताला बोडी होती, आमचं गावतळं, कडेला कमळाची पानं.

सकाळी एकदा शेवटचं बघावं म्हणून मी गाडीखाली शिरलो. कबऱ्याची तार सायलेन्सरच्या जवळून नेली होती, मीच. तिच्या वरचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन मऊ पडलं होतं. बोटानं दाबलं तर बोटाचा ठसा उमटला. गाडी जोरात पळाली, की ते वितळणार, आत तारेला चिकटणार, आणि पेडल सोडलं तरी कबऱ्या पळत राहणार. हे मला जेवढं आज समजतं तेवढंच तेव्हाही समजलं. बाहेर माइकवर मामाचं नाव चाललं होतं. मी खिशातून काळी टेप काढली आणि त्या ठशावर गुंडाळली. तीन वेढे. मग बाहेर येऊन हात झटकले आणि म्हणालो, "ओके आहे."

मामा नवा पटका बांधून खुर्चीवर बसला. दोन्ही इंजिनं चालू केली. मी खुर्चीच्या बाजूला, जरा मागे उभा. थाप मीच मारायची होती. तेव्हा मामा एकाएकी खुर्चीतून वळला, वाकला, आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. बाहेरच्यांना उलटं वाटतं, पण आमची रीत ती आहे. भाचा कितीही लहान असो, कितीही गाढव असो, मामाला तो देवाच्या जागी. लहानपणापासून मामा माझ्या पाया पडत आला होता, आणि पटावर निघताना तर न चुकता. कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी त्याची बोटं माझ्या पावलांना लागली आणि मी माझ्या पायांकडे पाहिलं. टेपचे तीन वेढे गुंडाळलेल्या माणसाचे पाय होते ते.

नाही जाऊ द्यायचं. एवढंच डोक्यात आलं. बोलायला तोंड उघडलं तर, आयुष्यात एकदाच, शब्द आला नाही. म्हणून मी चाव्यांवर झडप घातली. फिरवून बंद करायच्या होत्या. घाईत मी त्या नुसत्याच उपसल्या. जुनी, झिजलेली भोकं ती. चालू गाडीतून चावी सुळकन बाहेर आली, आणि इंजिनं तशीच चालू. झडप घालताना माझ्या हाताचा दणका मामाच्या पाठीवर बसला.

थाप पडली, की सुटायचं.

तो गेला. मी दोन्ही मुठींत एकेक चावी घेऊन उभा राहिलो.

भीती वाटते म्हणतात तेव्हा लोक छाती धडधडते म्हणतात. माझी धडधडली नाही. सगळं फार हळू आणि फार स्वच्छ दिसत होतं. पट्टी संपत आली तेव्हा मामानं पेडल सोडलं. हिऱ्याचा आवाज उतरला. कबऱ्याचा उतरला नाही. डावं चाक एकटंच ढकलू लागलं आणि गाडी उजवीकडे, पुंजण्यांकडे वळू लागली. लालभडक सायलेन्सर आणि कोरडी ठाक पेंढी. माझ्या बाजूला एक बाई नुसतं "मायं धान" म्हणाली, कोणाला उद्देशून नाही.

तेव्हा मामाचा उजवा हात मागे आला. खुर्चीच्या पाठीमागे चाचपू लागला. एकदा या भोकावर, एकदा त्या. बोटं उघडझाप करत होती. मी इतक्या लांबून ती बोटं पाहिली. मी अजूनही पाहतो.

मग हात परत स्टिअरिंगवर गेला. ब्रेक दाबला असता तर हिऱ्याचं चाक अडून गाडी आणखी उजवीकडे गेली असती. मामानं दाबला नाही. त्यानं पेडल दाबलं. लोक ओरडले, म्हातारा येडा झाला. पण जोडीतला एक उधळला, तर त्याला मागे ओढत नाहीत, दुसऱ्याला त्याच्या बरोबरीला आणतात. हे मला त्यानंच कधीतरी जोडीला चारा घालताना सांगितलं होतं आणि मी जांभई दिली होती. हिऱ्या बरोबरीला आला, गाडी सरळ झाली, मामा सगळ्या अंगानं डावीकडे कलला, पुंजण्याच्या पेंढीला चाटून गाडी वळली, बांध ओलांडला आणि बोडीत गेली. खूप मोठा आवाज झाला आणि मग अजिबात आवाज झाला नाही. पाण्यावर वाफ उभी राहिली.

मी पळत तिथं पोचलो. पाणी किती वेळ नुसतंच हलत होतं, मला सांगता येणार नाही. तेवढ्या वेळात मी मामीला काय सांगायचं ते दोनदा ठरवून दोनदा बदललं होतं. मग कमळाच्या पानांतून पटका वर आला, आणि पटक्याखाली मामा.

"पुंजना वाचला का गा?" तो म्हणाला.

त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ते पुढे जुळलं, पण वाकडं. लोकांनी त्याला खाटेवर घालून नेलं, मिरवणुकीसारखं. कोणीतरी मला विचारलं, चाव्या लावल्या नव्हत्या का बे? मी म्हणालो, "हादऱ्यानं पडल्या असतीन."

झालं. गावाची माणसं भली. मामाच्या अंगणातून दिसणाऱ्या पट्टीवर दोन दिवस चाव्या शोधत होती. मामीसुद्धा पदर खोचून वाकून शोधत होती, आणि तिच्या शेजारी मी. माझ्या खिशात चाव्या, आणि मी ढेकळं उलटून पाहतो आहे. "इथं पाहिलं का?" असं लोकांना विचारतो आहे. माझ्या सगळ्या मूर्खपणांच्या गोष्टी मी चहाच्या टपरीवर रंगवून सांगतो. पोत्यातलं धान, मांडवातली खुर्ची, सगळं. लोक हसतात. ही ढेकळांची गोष्ट मी कधी सांगितली नाही.

माफी मागावी म्हटलं तर आमच्याकडे भाच्याला मामाच्या पाया पडता येत नाही. मामाला पाप लागतं. मग काय करायचं? मी मामाचं शेत नांगरून दिलं, मामीला स्कूटर घेऊन दिली. मामा बरा झाला, गावभर त्याचं नाव झालं, गव्हाणीवर बसणं सुटलं. सगळं चांगलंच झालं म्हणायचं. फक्त एक सवय त्याला लागली. माझ्या मोटरसायकलवर मागे बसून तो कुठं आला, की उतरल्यावर हात पुढे करतो. मी चावी त्याच्या तळहातावर ठेवतो. निघताना तो ती परत देतो. का, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. म्हातारपणाचा एक चाळा, असं मी स्वतःला सांगत आलो.

पट आता पुन्हा सुरू झाले आहेत. यंदा भोंगा गेला, गोळा आला, आणि मी घरातला खिळ्यांचा डबा उपडा करून तळाच्या दोन गंजक्या चाव्या काढल्या. पटाच्या दिवशी मामाला घेऊन गेलो. गाडी पळसाखाली लावली. मामानं सवयीनं हात पुढे केला, नजर पट्टीवर. मी त्यावर चावी ठेवली. मग त्या दोन ठेवल्या.

त्यानं खाली पाहिलं नाही. अंगठ्यानं चाचपलं.

"दोन जास्तीच्या आहेत."

"हो मामा."

पट्टीवर एक जोडी सुटली, गेली. धूळ बसली.

"पडल्या नव्हत्या," मी म्हणालो. "मी काढल्या. तार वितळून राहिली होती. मले सकाळीच माहीत होतं."

"तारेचं माहीत नव्हतं," मामा म्हणाला. "काढल्याचं माहीत होतं. एक पडली असं समजलो असतो. दोन्ही एकदम कशा पडतीन गा?"

"मंग बोलले काऊन नाई इतकी वर्षं?"

"दोन दिवस तू ढेकळात वाकून राहिला होता. मी खाटेवरून पाहत होतो." त्यानं मूठ मिटली. "आता तारेचं सांगतं तू. ते पहिलं सांगाले पायजे होतं, बाबू. हातानं नाई. तोंडानं."

 मी वाकलो. रीत-बीत गेली म्हटलं. माझा हात पोचायच्या आत तो दोन पावलं मागे सरला.

"ए, पाप लावतं का मले?"

मग त्यानं तिन्ही चाव्या कमरेच्या धोतरात खोचल्या आणि नेहमीसारखा, पट बघायला बसायच्या आधी, माझ्या पाया पडायला वाकला. वाकड्या खांद्यामुळं त्याला आता पुरतं वाकता येत नाही. त्याचा हात माझ्या गुडघ्याजवळ येऊन हवेत थांबला आणि खाली जायची वाट चाचपू लागला, बोटं उघडत, मिटत.

मी घाबरून उभा होतो. मग मी खाली बसलो, उकिडवा, धुळीत, आणि पाय त्या हाताखाली सरकवले.